तिसाच्या पुढे

१९७३ साल होतं. सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या एका मुलींच्या शाळेत सायराबानू गणिताची तात्पुरती शिक्षिका होती. कायमची ऑर्डर मिळायची तर तिथले गणिताचे ज्येष्ठ शिक्षक गुरप्पा सर यांची शिफारस हवी होती.

सर मंद्रूपचे. त्या मे महिन्यात निवृत्त होणार होते. दर वर्षी ते एक मूळ संख्या निवडत, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानेच पूर्ण भाग जात नाही अशी, आणि मुलींना म्हणत, "फोडा बघू!" शेवटच्या वर्षासाठी त्यांनी १०,००१ काढली होती. सोमवारी पेंटर ती भिंतीवर तेलरंगात लिहिणार होता.

तेव्हा पाढे तिसापर्यंत पाठ असायचे. सरांनी तिसापर्यंतचे सगळे पाढे लावून बघितले. संख्या कुठंच बसेना. मग मूळच की!

सायराबानू तिसावर थांबली नाही. एकतीस, सदतीस, एक्केचाळीस... पाटी भरायची, पुसायची, पुन्हा भरायची. शुक्रवारी संध्याकाळी भाकरी टाकता टाकता तिनं त्र्याहत्तरनं भागलं आणि बाकी शून्य आली.

"अब्बा, सरकी संख्या टूट गई."

चांदसाब ट्रकवरून नुकतेच घरी आले होते. "तेरेकू कौन बोला तोडने कू?" ते म्हणाले. "पहले आर्डर आन दे, फिर तोड!"

शनिवारी शाळा सुटल्यावर तिनं रिकाम्या वर्गातल्या फळ्यावर ७३ × १३७ लिहिलं आणि सरांना बोलावलं. सरांनी उभ्या उभ्याच गुणाकार केला. "त्र्याहत्तरशे... आनि सत्तावीसशे एक..." आणि थांबले.

"कुटवर गेलता बाई तुमी?"

"शंभरापर्यंत जायचं ठरवलं होतं, सर. शंभर गुणिले शंभर म्हणजेच दहा हजार, त्यामुळे पुढं जावं लागत नाही."

"मंग माज्या आदीच्या समद्याच गेल्या का?"

"नऊशे एकसष्टच्या, म्हणजे एकतीस गुणिले एकतीसच्या, आतल्या सगळ्या बरोबर आहेत, सर. तिथवर तिसाचे पाढे पुरतात."

सरांनी फळा पुसला, छत्री घेतली आणि निघून गेले. ऑर्डर गेली, असं तिनं मनाशी धरलं.

सोमवारी भिंतीवर १०,००७ होती. तिनं घरी जाऊन सत्त्याण्णवपर्यंत भागून पाहिलं. फुटली नाही. सरांचा रविवार कुठं गेला, ते तिला कळलं.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत सर तिच्याशी बोलले नाहीत. जूनमध्ये ऑर्डर आली. शिफारशीत एवढंच होतं: 'ही बाई तिसाच्या पुढे जाते.'

गुरप्पा सर मंद्रूपला परतले. पारावर बसून गावातल्या पोरींना शंभरापर्यंतचे पाढे शिकवत. शहाऐंशी साली वारले. चांदसाबांनी ट्रक विकला आणि भेटेल त्याला, लेकीनं मास्तरची संख्या कशी तोडली, ते सांगत राहिले. सायराबानू त्याच शाळेतून निवृत्त झाली. तोवर भिंतीवर तीनदा रंग चढला होता. १०,००७ त्या रंगाखाली आहे.