नवसूचा जोहार

"ए नवसू, मान मोडली का रे तुझी?" मुकादम अंगणातूनच ओरडला.

लाकडाच्या ठेकेदाराचा हा मुकादम रोज सकाळी सूर्यमाळच्या पाड्यावर माणसं न्यायला यायचा. तो आला की म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही कमरेत वाकून, हात मातीला लावून जोहार करायचा, हा शिरस्ता. नवसू मात्र डोळ्यावर हिरवी चिंधी बांधून ताठ उभा होता.

"डागदरनं वाकू नको सांगलाय," तो चाचरत म्हणाला. "बुबुळाला काप हाय. वाकलो त उघडंल."

"राजा झालास होय रे?" मुकादमाने काठी उचलली.

नवसूच्या बायकोच्या, पोशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जव्हारच्या दवाखान्यात मोतीबिंदू काढल्यावर म्हातारा दहा दिवस उताणा पडून होता, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. झोपेत मान वळू नये म्हणून तिने ती रात्ररात्र दोन्ही हातांत धरली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, बुबुळाच्या काठाला टाका घातलेला नाही, काप आपला आपणच सांधतो. ओझं नको, डोळा चोळणं नको, चाळीस दिवस वाकणं नको. दुसरा डोळा तर कधीचाच गेलेला. आणि एवढ्या जपलेल्या डोळ्यावर हा उपटसुंभ काठी उगारतो?

ती पुढे झाली. "त्याचा जोहार मी करीन." एकदा स्वतःसाठी वाकली, पुन्हा त्याच्यासाठी वाकली.

मुकादमाला गंमत वाटली. "रोज दोन करायचे हां, म्हातारे."

पोशी रोज दोनदा वाकायची, दातओठ खात, मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. तो गेला की नवसूला उजेडाकडे तोंड करून बसवायची आणि चिंधी वर करून बघायची. बुबुळ आधी तांदळाच्या धुवणासारखं धुरकट होतं, मग हळूहळू निवळत गेलं. लालीही उतरली. एक दिवस अंगणातली तांबडी कोंबडी पुसटशी दिसली तेव्हा म्हाताऱ्याला रडू फुटलं. पोशी त्याच्यावरच खेकसली, "रडू नको, डोळा चोळशील!"

चाळिसाव्या दिवशी पाड्यावरच्या चौघांनी त्याला झोळीतून जव्हारला नेलं. काप सांधलाय, म्हणत डॉक्टरांनी जाड भिंगाचा चष्मा दिला.

परतल्यावर दुसऱ्याच सकाळी मुकादम दारात हजर. नवसूने चष्म्यातून त्याचं तोंड निरखून पाहिलं. जन्मभर वाकून वाकून नवसूला समोरच्याचे फक्त जोडेच माहीत होते. पण सवयीने कंबर वाकायला लागली.

पोशीने झेपावून त्याची मान दोन्ही हातांत धरली, दवाखान्यात धरायची तशी.

"काप ओला हाय अजून."

"डागदर म्हणाला?" मुकादमाने विचारलं.

"मी म्हणते."

"मग तू कर. दोन."

पोशी जागची हलली नाही. म्हाताऱ्याची मान तिच्या हातांत होती, हात मोकळे नव्हते.