खाट नऊचा मेसेज

"साहेब, ह्याला काय तरी उत्तर द्यावं लागतं म्हनं." हट्टा गावच्या कोंडीबांनी मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला. "चार दिस झाले, रोज येऊन राहिला." वॉर्डातल्या नीलांबरी सिस्टर त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या होत्या.

मेसेज न ओळखायला काय झालं, मीच तर लिहिला होता. ‘अभिनंदन! आपला रुग्ण बरा होऊन घरी परतला. आमची सेवा कशी वाटली? पाचपैकी तारे द्या.’

कोंडीबांची बायको चांगुणाबाई चार दिवसांपूर्वी आमच्याच दवाखान्यात, नऊ नंबरच्या खाटेवर वारली होती.

हिंगोलीच्या या खासगी दवाखान्यातला मी कॉम्प्युटरवाला. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये वॉर्डात काही घडलं की दवंडी पिटली जाते, म्हणजे आपोआप सूचना सुटते. ज्याला ती ऐकायची, त्यानं आधी नाव नोंदवून ठेवायचं. ‘खाट रिकामी झाली’ अशी दवंडी आली की चादर बदलणाऱ्याला कळतं, बिल निघतं. त्याच दवंडीला मी माझा अभिनंदनाचा मेसेज जोडून दिला, उत्तर मिळेपर्यंत रोज जाणारा. खाट का रिकामी झाली, तेही तिच्यात असतं. ते मी वाचतच नव्हतो. सिस्टरांनी महिन्यापूर्वी बजावलं होतं, "अनिरुद्ध, माणूस गेल्यावरही खाट रिकामीच होते." दहा मिनिटांचं काम. बघू म्हणालो आणि चहाला गेलो.

"पयल्यांदा आला तवा आमी गाडीत व्हतो," कोंडीबा म्हणाले. "ही मागं निजलेली. डायवरनं वाचून दावला, अन् मंग हट्ट्यापस्तोर काई बोललाच न्हाई."

सिस्टर माझ्याकडेच बघत होत्या.

"हे पुण्याहून येतं, बाबा. कंपनीकडून," मी म्हणालो. इतका निर्लज्ज मी याआधी कधी झालो नसेन.

"पुन्याहून?" कोंडीबांचा चेहरा जरा उजळला. "म्हंजे तिथून कोनतरी तिची इचारपूस करून राहिलं. मंग उत्तर द्याया पायजे. या बाईनं लई केलं तिचं. बराबर लिवा, पाच द्या."

सिस्टर तिथून निघून गेल्या.

मी पाच तारे दाबले. खाली दुसरा प्रश्न उघडला, रुग्णाची तब्येत आता कशी आहे? ‘उत्तम’ किंवा ‘सुधारत आहे’. त्याचं उत्तर दिल्याशिवाय काहीच जात नव्हतं, आणि ही सक्तीही माझीच.

"आनखी काय इचारतंय?"

तेव्हा तरी खरं सांगायला हवं होतं.

"काही नाही, बाबा." मी ‘उत्तम’वर बोट ठेवलं.

"पोचलं?"

"पोचलं."

त्यांनी मोबाइल धोतराला पुसून खिशात घातला. "तकलीफ देली साहेब तुमाला," म्हणाले आणि मला हात जोडले. मी खुर्चीतून उठलोसुद्धा नाही.