भोसरीपर्यंतची फेरी

मित्रांनो, भोसरीला भंगाराचं एक मोठं आवार आहे. त्याच्या पत्र्याच्या कुंपणाला टेकून पाठीमागे लांबलचक असलेली एक मोटार उभी आहे. ती मी. माझी चाकं गेली, काचा गेल्या, इंजिनही गेल्या आठवड्यात उतरवून नेलं. उरलेला सांगाडा कापायला कधी घेतील ते सांगता येत नाही. म्हणून जे सांगायचं आहे ते आजच सांगते.

माझा जन्म इथून फार लांब नसलेल्या एका कारखान्यात झाला. देशात नवं आर्थिक धोरण नुकतंच आलं होतं आणि रस्त्यावर नव्या तऱ्हेच्या मोटारी दिसू लागल्या होत्या. मला इतरांसारखी डिकी नव्हती. छत सरळ मागपर्यंत गेलेलं, शेवटी वर उघडणारं पाचवं दार, आणि मागची सीट पाडली की एखादा माणूस पाय पसरून झोपेल एवढी सपाट जागा. अशा गाडीला इस्टेट म्हणतात. एका कंत्राटदाराने मला हौसेने घेतलं. पहिली दोन वर्षं शेजारीपाजारी मला बघायला येत. मग गोल गोल, चकचकीत गाड्या आल्या आणि कंत्राटदाराच्या मुलांना माझी लाज वाटू लागली. "अर्धी मोटार, अर्धा टेम्पो," असं ती मला म्हणत. मी बंगल्याच्या मागे शेवग्याखाली उभी राहिले आणि तिथेच गंजू लागले. उंदरांनी सीटमध्ये पिल्लं घातली. माझ्याकडे कुणी फिरकत नसे.

तिथून मला दोन मित्रांनी बाहेर काढलं. एक चेतन ओव्हाळ, विश्रांतवाडीचा. दुसरा सलिल, सदाशिव पेठेतला. दोघं पॉलिटेक्निकमध्ये एका बाकावर बसलेले. दोन हजार साल जवळ आलं होतं, घरोघरी संगणक घ्यायची हवा होती, आणि या दोघांनी सुटे भाग जोडून संगणक विकायचा धंदा काढला होता. त्या काळचे मॉनिटर पाटा-वरवंट्यासारखे जड असत. ते न्यायला त्यांना गाडी हवी होती आणि माझ्याइतकी स्वस्त गाडी पुण्यात दुसरी नव्हती.

मला दोर बांधून विश्रांतवाडीला आणलं. चेतनचे वडील बाबुराव लष्करी डेपोत कारकून होते. त्यांच्या सरकारी वसाहतीशेजारच्या मोकळ्या जागेत त्या उन्हाळ्यात माझी दुरुस्ती चालली. मिस्त्रीला बोलवायची ऐपत नव्हती. चेतन एका जुन्या माहितीपुस्तकावरून शिकत होता आणि चुकत होता. रेडिएटर त्याने तीनदा बसवला, तीनदा गळला. मागच्या दिव्याची काच जुन्या बाजारात मिळाली, पण ती दुसऱ्याच गाडीची निघाली. ती कानस मारून बसवली. चेतनची आई चंद्रभागा आणि बहीण निकिता संध्याकाळी पॉलिश पेपर घेऊन माझा गंज घासत. चंद्रभागेने माझ्या सीटना निळ्या जाड कापडाची कव्हरं शिवली.

सलिलही यायचा. त्याच्या हाताला काम कमी आणि तोंडाला जास्त, पण यायचा. पाचवं दार वर राहत नसे, त्याला काठी लावावी लागे.

"हे दार पडलं तर माझं डोकं जाईल," तो एकदा म्हणाला.

"तू डोक्याचं काम करतोस कुठे?" चेतन गाडीखालून म्हणाला.

चंद्रभागेने केलेली भाकरी आणि मिरचीचा ठेचा दोघांनी माझ्या बॉनेटवर ठेवून खाल्ला. मला तेव्हा वाटलं, आपलं नशीब उघडलं.

माझ्यात एक खोड मात्र राहिली. डिझेलच्या नळीत हवा धरायची. मग इंजिनाजवळचा छोटा हातपंप दाबून ती हवा काढावी लागे, इंजिन तापवणारा हीटर लावून थोडं थांबावं लागे, आणि किल्ली एका ठरावीक ओढीने फिरवावी लागे. ती ओढ चेतनच्या हाताला साधली. सलिलला कधी साधली नाही.

माझी कागदपत्रं सलिलच्या नावावर झाली. त्यामागे कुणाचा डाव नव्हता. बाबुराव निवृत्त झाले की वसाहतीतली खोली सोडायची होती, चेतनला कायमचा पत्ता नव्हता. "कुणाच्याही नावावर असू दे, गाडी दोघांची," सलिल म्हणाला आणि चेतनने मान हलवली.

मग माझे बरे दिवस आले. सलिलच्या सोसायटीत तळमजल्यावर एक गाळा होता, तिथे दोघांचं दुकान. मॉनिटरखाली गोधडी अंथरून आम्ही कोथरूडला, कात्रजला, पार आळंदीपर्यंत जात असू. सलिलचे वडील श्यामसुंदर बँकेतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. आई मंदाकिनी शिक्षिका. त्या गॅलरीतून आम्हाला हात करत. चेतनचा चहा मात्र नेहमी खाली गाळ्यात येई. सलिलही तो खालीच घेई, म्हणून त्याबद्दल कधी कुणी काही बोललं नाही.

दोन वर्षांत सलिलला अमेरिकेतल्या कंपनीचं बोलावणं आलं. जायच्या आदल्या दिवशी तो माझ्या टपावर हात ठेवून उभा होता. मंदाकिनी शेजारी होत्या.

"गाडी तू ठेव," तो चेतनला म्हणाला. "मला काय करायची? कागद सुट्टीवर आलो की तुझ्या नावावर करू."

"आत्ताच केले असते तर बरं झालं असतं," चेतन म्हणाला.

"अरे, उद्या विमान आहे माझं. पळून चाललोय का मी?"

चेतन हसला. तिथे तो विषय संपला.

सलिल गेल्यावर दुकान चालेना. लोक मोठ्या कंपन्यांचे तयार संगणक हप्त्यांवर घेऊ लागले. चेतनने गाळा सोडला आणि शाळांमधले संगणक दुरुस्त करायचं काम धरलं. विश्रांतवाडी, धानोरी, लोहगाव अशा शाळा त्याने पायपीट करून मिळवल्या. मी अजून सोसायटीतच उभी राहत होते. तो यायचा, वरून किल्ली घ्यायचा, काम झालं की परत आणून लावायचा. कागद होईपर्यंत गाडी घरी न्यायची नाही, हा त्याचा स्वतःचा नियम.

एके सकाळी श्यामसुंदर स्वतः खाली आले.

"चेतन, किल्ली आता वरच राहू दे. गाडी सलिलच्या नावावर आहे. उद्या रस्त्यात काही झालं तर पोलीस माझ्या दारात येणार."

"काका, सलिल मला म्हणाला होता..."

"तो काय म्हणाला ते मला तो सांगेल. तुझ्याबद्दल माझी काही तक्रार नाही."

चेतनने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तो चालत गेला. सलिलला त्याने काय कळवलं, त्याचं उत्तर आलं की नाही, मला ठाऊक नाही. मी तिथेच उभी राहिले. एक पावसाळा गेला. टायर बसले, टपावर कबुतरांची घाण साचली, कुणीतरी माझ्या काचेवर बोटाने 'मला धुवा' असं लिहिलं.

त्या पावसाळ्यात काय घडलं ते मला शेवटच्या दिवशी कळलं, पण त्याची जागा इथेच आहे. चेतन शाळांचे मॉनिटर स्कूटरवरून नेऊ लागला होता. निकिता मागे बसून मॉनिटर मांडीवर धरायची. होळकर पुलाजवळ स्कूटर घसरली. मॉनिटर फुटू नये म्हणून तिने तो सोडला नाही आणि सगळा भार डाव्या कोपरावर आला. हाड जुळलं, पण हात पुन्हा सरळ झाला नाही. ती टायपिंगच्या परीक्षेला बसणार होती. ते राहून गेलं.

थंडीच्या सुरुवातीला श्यामसुंदरांनी चेतनला फोन केला. गाडीसंबंधी काम आहे, रविवारी येऊन जा, एवढंच सांगितलं.

चेतन आला तो बाबुरावांना घेऊन. बाबुरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि हातात कात्रजच्या पेढ्यांचा पुडा होता. ते माझ्याजवळ आले आणि रुमालाने माझा आरसा पुसू लागले. मला वाटलं, आता आपण विश्रांतवाडीला जाणार.

श्यामसुंदर आणि मंदाकिनी खाली आले. त्यांच्याबरोबर एक धिप्पाड गृहस्थ होते. त्यांचं नाव हिंदुराव. फाटकाबाहेर त्यांचा टेम्पो उभा होता.

"नमस्कार साहेब," बाबुराव म्हणाले आणि त्यांनी पुडा मंदाकिनींच्या हातात दिला. "तोंड गोड करा."

"कशाबद्दल?" श्यामसुंदरांनी विचारलं.

बाबुराव गोंधळले. "गाडीबद्दल. पोरानं फार वाट पाहिली तिची."

श्यामसुंदर चेतनकडे वळले. "गैरसमज झालेला दिसतोय. सोसायटीने दोनदा नोटीस दिली. सलिलशी फोनवर बोललो, तो म्हणाला काढून टाका. हे हिंदुराव, भोसरीला यांचं भंगाराचं दुकान आहे. गाडी सुरू होत नाहीये. तेवढी सुरू करून दे, म्हणून तुला बोलावलं."

"सलिल म्हणाला, काढून टाका?"

"हो."

"अहो," मंदाकिनी हळूच म्हणाल्या, "तो जाताना याला द्यायचं म्हणाला होता. मी होते इथे."

"बोलणं वेगळं आणि कागद वेगळा," श्यामसुंदर म्हणाले. "तू वर जा."

मंदाकिनी पुडा हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या आणि मग वर गेल्या.

बाबुराव पुढे झाले. त्यांचा आवाज फार खाली आला होता. "साहेब, यांनी जी किंमत ठरवली असेल ती आम्ही देतो. पोरीचा हात गेला हो स्कूटरवरून मॉनिटर नेताना. गाडी असती तर..." आणि त्यांनी होळकर पुलाजवळची सगळी हकीकत सांगितली.

श्यामसुंदरांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. त्यांना वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढून पुसला. पण म्हणाले ते एवढंच, "मला कल्पना नव्हती. पण मी यांना शब्द देऊन बसलोय. दिलेला शब्द मोडता येत नाही."

"चल रे," बाबुरावांनी चेतनचा दंड धरला. "त्यांचं त्यांना करू दे."

चेतन हलला नाही. हिंदुरावांच्या माणसाने टेम्पोतून साखळी काढली होती आणि माझ्या पुढच्या बंपरमध्ये ती अडकवायला तो वाकला होता. चेतन म्हणाला, "तिथे नका लावू. पत्रा फाटेल." मग त्याने बाह्या वर केल्या आणि माझं बॉनेट उघडलं.

मित्रांनो, मी चालू झाले नसते तर बरं, असं मला फार वाटलं. पण यंत्राला तसं ठरवता येत नाही. उसनी बॅटरी जोडली गेली, चेतनने हातपंप दाबला, नळीतली हवा गेली. हीटर लावून तो थांबला. त्याने किल्ली फिरवली आणि मी काळा धूर सोडून सुरू झाले, जशी पूर्वी व्हायची तशी.

"लय हात बसलाय गड्या तुझा," हिंदुराव म्हणाले.

"भोसरीपर्यंत मीच चालवत नेतो."

"ने की. माझं वढायचं वाचलं. दिघीवरनं ये, मी फुडं हाय."

बाबुराव त्याच्या शेजारी बसले. बसलेल्या टायरांत वाटेत हवा भरून घेतली. मंडईच्या गर्दीतून, पूल ओलांडून, येरवड्यावरून आम्ही निघालो. विश्रांतवाडीच्या चौकात डावीकडे दिघीचा रस्ता लागतो. चेतनने मला आधी वसाहतीकडे वळवलं.

चंद्रभागा खाली उभी होती. शेजाऱ्यांच्या सायकली हलवून, जागा झाडून, पाणी मारून तिने माझ्यासाठी मोकळं केलं होतं. निकिताने झेंडूची एक माळ केली होती. मी दिसताच चंद्रभागा बाजूला झाली आणि हाताने खूण करू लागली, आत घे, आत घे.

चेतनने मला रस्त्यातच उभं केलं. इंजिन बंद केलं नाही.

"आत घे ना," ती खिडकीशी येऊन म्हणाली. "जागा पुरते, मी पावलं टाकून बघितली."

"आई, गाडी त्यांनी भंगारात दिली. पोचवायला निघालोय."

ती नवऱ्याकडे बघत राहिली. बाबुराव समोर बघत होते. निकिताचा तो वाकडा हात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. माळ तिच्या त्याच हातात होती.

चंद्रभागेने माझं मागचं दार उघडलं.

"निकिता, बस."

"कुठे जायचं?"

"भोसरीला. माझ्या पोरानं केलेल्या गाडीत मी अजून बसलेले नाही. बस म्हणते ना."

इतकी वर्षं माझ्यात मॉनिटर बसले, माणसं अशी क्वचितच. त्या दिवशी चौघं बसली. दिघीच्या चढावर चेतनने मला सांभाळून, एकेक गिअर हलकेच टाकत नेलं. चंद्रभागा काचेतून बाहेर बघत होती. मध्येच म्हणाली, "धक्के लागत नाहीत हिच्यात." चेतनचे डोळे मला आरशात दिसत होते. त्याबद्दल मी सांगणार नाही.

आवारात हिंदुराव वाट बघत होते. "सगळं घर घेऊन आलास?"

"हो," चेतन म्हणाला. त्याने किल्ली दिली. "थंडी असेल तर आधी हातपंप मारा. एकदम किल्ली फिरवू नका."

"आता कुठं हिला थंडीत चालू करायचीय," हिंदुराव म्हणाले, पण हसले नाहीत.

चौघं उतरली आणि फाटकाबाहेर बसच्या थांब्याकडे चालू लागली. बाबुराव सगळ्यांत मागे होते. ती दिसेनाशी झाल्यावर एक माणूस पाना घेऊन आला आणि त्याने माझं पुढचं चाक सैल केलं.

सलिलला खरंच विसर पडला होता, की त्याला नीट विचारलंच गेलं नव्हतं, हे मला कधी कळणार नाही. मला कुणाला शापही द्यायचा नाही. तुमच्याकडे फक्त एक मागणं आहे. तुमच्या दारात, जिन्याखाली, गच्चीवर कितीतरी वस्तू धूळ खात पडलेल्या असतील. त्यातली एखादी फेकायच्या आधी आठवून बघा, ती कुणाच्या हातांनी उभी राहिली होती. तो माणूस जवळपास असेल तर त्याला जरूर बोलवा. पण सुरू करून द्यायला म्हणून नका बोलवू. घेऊन जा, असं सांगायला बोलवा.