रविवारचं इंग्रजी

गोव्यातल्या हळर्णचे शिवदास मास्तर निवृत्त झाले, पण त्यांचं इंग्रजी काही सुटलं नाही. लेक सिद्धी इंग्लंडात नोकरीला. दर रविवारी तिचा फोन आला की बापलेकीचा खेळ सुरू व्हायचा. तिने तिथे ऐकलेला वाक्प्रचार टाकायचा, ह्यांनी अर्थ सांगायचा. 'पीस ऑफ केक' म्हणजे डाव्या हाताचा मळ. 'वन्स इन अ ब्लू मून' म्हणजे सठीसामाशी. मास्तरांची बायको सत्यवती शेजारी बसून भाजी चिरायची. कळायचं कप्पाळ, पण दोघं हसली की तीही हसायची.

शिमग्यानंतर मास्तरांच्या पोटात नको ते निघालं आणि डॉक्टरांनी हात टेकले.

"सिद्धीला मी सांगेन," मास्तर म्हणाले. "तू रडशील, पोर घाबरेल."

नवऱ्याचा शब्द सत्यवतीने कधी खाली पडू दिला नव्हता. इथेच बाई चुकली!

रविवारी मास्तर हसत फोनवर म्हणाले, "अंडर द वेदर." पुढच्या रविवारीही तेच. रेंज नाही असं सांगून व्हिडिओ बंद केला, आवाज पार खोल गेला, तरी तेच.

"सांगितलंत?"

"सांगितलं गो."

"मग येत कशी नाही?"

"येईल गणेशचवथीला."

सत्यवतीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. बाप झिजतोय आणि ही मेली हसते! लेकीशी ती 'जेवलीस?' एवढंच बोलायला लागली.

आषाढातल्या एका सकाळी पेजेची वाटी अर्धी टाकून मास्तर गेले.

लांबच्या माणसाला मरणाची बातमी आपल्याकडे कोणी तोंडावर सांगत नाही. शेजारच्या बाबलीकाकांनी रीतीप्रमाणे फोन लावला. "बाबांची तब्येत बरी नाही गो. मिळेल त्या विमानाने ये."

फोन स्पीकरवर होता. तिकडे सिद्धी हसली. "ठाऊक आहे हो काका, अंडर द वेदर! चवथीचं तिकीट काढलंय मी. बाबांना द्या ना फोन, नवीन शब्द सापडलाय."

पडवीतली माणसं खाली बघायला लागली. सत्यवती मास्तरांच्या उशाकडून उठली आणि तिने फोन घेतला.

"सिद्धी, ते अंडर का काय, त्याचा अर्थ काय गो?"

"अगं, जरा कसर असणं. सर्दी-पडसं, दोन दिवसांत बरं होतं, तसलं. का गं?"

सत्यवतीने मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं. अहो, असं करतात? जन्मभर पोरांना अर्थ चोख सांगितलात, आणि घरच्या पोरीला हे? लेकीवर तिने उगाच राग काढला होता. आता आडपडद्याने बोलण्यात काही राम नव्हता.

"सिद्धी, बाबा गेले गो."

 तिकडे हुंदका फुटला. "आई, तू तरी सांगायचं होतंस!"

"मला वाटलं, ते सांगतायत," सत्यवती म्हणाली. "दर रविवारी बाजूलाच बसून ऐकत होते मी."