लालवर हिरवा

“बॅटरीशिवायचा कॅमेरा घेऊन मी काय त्यात टाचण्या भरून ठेवू? अहो, जाहिरातीत ‘संपूर्ण संच’ असं छापलंय तुम्ही. वाचून दाखवू का?”

ताई फोनवर कधी ओरडत नाही. आमच्या घरात ओरडायचं खातं माझ्याकडे आहे. म्हणून मी पायरीवरून उठून आत गेलो. फोन स्पीकरवर टाकून काउंटरवर ठेवलेला आणि ताईचे दोन्ही हात कमरेवर.

“मॅडम, रागावू नका ना,” फोनमधून आवाज आला. पाकात बुडवून काढल्यासारखा. “संच संपूर्णच आहे. पण बॅटरी संचात धरत नाहीत. चार्जर पण नाही. आणि आमची खास बॅटरी घेतली नाहीत तर हमी जाते. तुमच्या भल्याचं सांगतोय. मला भावासारखा समजा.”

तिला भाऊ एकच आहे. मी बाजूलाच उभा होतो.

“मला जाहिरातीतलाच संच पाहिजे,” ताई म्हणाली. “त्याचे पैसे मी भरलेत. पावती आहे.”

“हो, हो. एक मिनिट, बघतो हं.” कागद चाळल्याचा आवाज. मग मोठा सुस्कारा. “अरेरे! मॅडम, काय सांगू, साधा संच आत्ताच संपला. सहा आठवडे लागतील. बॅटरीवाला मोठा संच घेतलात तर उद्या निघतो. नाहीतर रद्द करा, पण पैसे परत यायला दोन महिने धरा.”

मी फोन उचलायला हात घातला. ताईने हातावर चापट मारली. मला त्याला दोन शब्द ऐकवायचे होते, आणि कोणते ते तिला माहीत होतं.

आणि तेवढ्यात फोनमधून, त्याच्या पाकातल्या आवाजामागून, ऐकू आलं. ट्रर्रर्र. ट्रर्रर्र. मग खोकल्यासारखं खर्रर्र, आणि टक्.

मी घड्याळाकडे बघितलं. अकरा वाजून दहा मिनिटं.

ताईचं थोडं सांगतो. जिन्याखाली तिचा फोटोचा गाळा आहे. एक पांढरा पडदा, एक स्टूल, छत्रीचा दिवा, दोरीला बांधलेला कंगवा. वर्षभर रडणारी पोरं येतात, आणि अर्जाला फोटो लागतो हे शेवटच्या दिवशी आठवलेले लोक. त्यावर भाडंसुद्धा निघत नाही. गाळा उभा आहे तो मोज्यांच्या कारखान्यावर. तिथे वर्षातून एकदा चारशे माणसांच्या ओळखपत्रांचे फोटो ती काढते. सोमवारी सकाळी कारखान्याची गाडी तिला न्यायला येणार होती, आणि आदल्या आठवड्यात तिच्या जुन्या कॅमेऱ्याने मान टाकली. दुरुस्तीवाला म्हणाला, आता याला फुलं वाहा. ताई गेली नाही तर काम नाक्यावरच्या काचेच्या स्टुडिओला जाणार, आणि त्याच्या घशात गेलेलं काम परत बाहेर येत नाही.

म्हणून तिने जाहिरात बघून फोनवर कॅमेरा मागवला होता. आता तिने ना मोठा संच घेतला, ना रद्द केलं; फोन ठेवून दिला. एक बाई पोराला घेऊन बसली होती, त्याचे केस ताई विंचरायला लागली. भांग तीनदा वाकडा पडला. ताईचा भांग वाकडा पडत नाही कधी.

“ताई, ते लोक इथेच आहेत,” मी म्हटलं.

“त्यांचं ऑफिस बाराव्या मजल्यावर आहे, मोठ्या शहरात. जाहिरातीत पत्ता आहे.”

“जाहिरातीत बॅटरी पण आहे.”

ती घंटा मी झोपेतसुद्धा ओळखेन. माझ्या शाळेची आहे, आणि तिला तसं केलं ते मीच. दोन वर्षांपूर्वी गणिताचे सर भर वर्गात म्हणाले, तुमच्या घरातली सगळी अक्कल तुझ्या बहिणीने उचलली. खरं होतं, म्हणून जास्तच लागलं. बाहेर पडता पडता मी दाराचं कुलूप घंटेला फेकून मारलं. ती तेव्हापासून दोनदा नीट वाजते, तिसऱ्यांदा गुदमरते आणि टक् करून थांबते. त्या दिवसानंतर मी शाळेत गेलो नाही, आणि घंटा कोणी दुरुस्त केली नाही. तशी घंटा दुसरीकडे कुठे असेल तर मी मिशी ठेवणार नाही. आलीच तर.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या गल्लीत गेलो. सायकलच्या दुकानावर एक मजला. बारा नाही, एक. जिन्याच्या तोंडाशी कागद चिकटवलेला: ‘गोड आवाजाची मुलं-मुली पाहिजेत. शिक्षणाची अट नाही.’ माझ्यासाठीच छापल्यासारखा.

वर मॅनेजर होता. चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधत होता.

“वय?”

“अठरा.” एक वर्ष उसनं घेतलं.

“हे वाच. गोड वाच.”

मी ताईची नक्कल करून वाचलं, रडणाऱ्या पोराला गप्प करते तशी. मॅनेजर खूश. म्हणाला, उद्यापासून ये, आठवडाभर बघू, आज बसून शिकून घे. आणि मला ज्याच्या शेजारी बसवलं तो बोलायला लागला तसा मी खुर्चीतच वळलो. तोच आवाज.

मी मनात त्याचं नाव साखऱ्या ठेवलं. मला वाटलं होतं की जाडा, अंगठ्या घातलेला कोणी असेल. हा काडीसारखा, केस चापून बसवलेले, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. घशासाठी गोळ्यांची डबी ठेवायचा. मला पण एक गोळी दिली. मी ती खिशात ठेवली. त्याचं खाऊन त्याच्यावर उठायला बरं वाटलं नसतं.

“हे बघ, सोपं असतं,” तो म्हणाला. “आधी मॅडम म्हणायचं. अडली की ताई म्हणायचं. तरीही अडली तर आपण भाऊ व्हायचं.”

“आणि तरी नाही म्हणाली तर?”

“स्टॉक संपला.” त्याच्या पाठीमागे कॅमेऱ्यांची खोकी छतापर्यंत रचलेली होती. त्याने वळूनसुद्धा बघितलं नाही. “चिठ्ठीवर लाल शिक्का मारायचा आणि वाळत घालायची. पैसे आपल्याकडे अडकलेत, जाणार कुठे? आठ दिवसांनी स्वतःहून फोन करतात, द्या म्हणतात काय द्यायचं ते. मग लालवर हिरवा. काल एक होती, फोटोवाली. टाचण्या भरू का म्हणे!” तो हसला. “पंधरा दिवसांत बॅटऱ्या दोन घेईल बघ.”

मी टेबलाची कड इतकी घट्ट धरली की नखात पत्र्याची कपची घुसली. पण हसलो. हसायचंच काम होतं तिथे.

आतल्या खोलीत पॅकिंगच्या मावशी बसायच्या. त्यांचं काम मी दारातून नीट बघून घेतलं. कारखान्यातून खोकं भरलेलं यायचं, त्यात बॅटरी, चार्जर, पट्टा, सगळं. मावशी पातळ सुरीने सील उचलायच्या, बॅटरी आणि चार्जर काढून एका टोपलीत टाकायच्या, वरून नवीन गोल चिकटपट्टी. गिऱ्हाईकाने फोनवर ‘घेतो’ म्हटलं की त्याच टोपलीतली बॅटरी त्याच खोक्यात परत. म्हणजे माणूस स्वतःचीच बॅटरी दुसऱ्यांदा विकत घ्यायचा.

“मावशी, कुठलं पाठवायचं हे तुम्हाला कसं कळतं?”

“चिठ्ठीवर हिरवा असला की पाठवायचं. चौकटीत खूण असेल ते आत घालायचं. लाल असला तर हात लावायचा नाही.”

“लालवर हिरवा असला तर?”

“अरे, म्हणजे गिऱ्हाईक वठणीवर आलं. निम्म्या चिठ्ठ्या तशाच असतात.” त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. “मी तीन वर्षं शिक्के बघते पोरा. माणसं बघत नाही. बरं वाटतं.”

गुरुवारी एक वाजता सगळे चहाला खाली उतरले. मी म्हटलं, मला कागद पाठ करायचाय. साखऱ्या जाताना माझ्या पाठीवर थाप मारून गेला, “शिकशील तू.”

लाल शिक्क्यांच्या चिठ्ठ्या खिडकीजवळ एका सळईला टोचलेल्या होत्या. सदतीस निघाल्या. सगळ्यांत वर ताईची. तिच्या नावाखाली साखऱ्याने पेन्सिलने लिहिलं होतं, ‘चिवट. वाळू दे.’

मला शाळेतलं कुलूप आठवलं. तेव्हा एकदाच फेकता आलं होतं. इथे मी शिक्का सदतीस वेळा मारला. हिरव्या शाईत बुडवून, लालवर दाबून. प्रत्येक चिठ्ठीत सगळ्या चौकटींवर खुणा: बॅटरी, चार्जर, पट्टा, पिशवी. सगळ्यांनी पैसे संपूर्ण संचाचे भरले होते, मग संच संपूर्णच जाऊ दे. एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘म्हातारा, ऐकू कमी येतं, पुन्हा पुन्हा फोन करतो.’ त्याच्या चौकटीपुढे मी दोन बॅटऱ्या लिहिल्या.

खाली एक शेवटची चौकट होती: विक्रेता क्रमांक. माझा होता सात. साखऱ्याचा चार.

मी सदतीस वेळा चार लिहिलं.

चार वाजता कुरियरची गाडी आली. मावशी खोक्यांमागून खोकी बाहेर ढकलत होत्या. टोपली रिकामी झाली तेव्हा त्यांनी दारातून माझ्याकडे एकदा बघितलं. माझी बोटं हिरवी होती. मग त्यांनी त्यांचा ओला फडका माझ्या अंगावर फेकला आणि पुढचं खोकं उचललं.

खरी गंमत त्यानंतर झाली, आणि ती मी ठरवलेलीसुद्धा नव्हती. मला वाटलं होतं, मॅनेजरने विचारलं की साखऱ्या बोंबलेल, मी नाही केलं म्हणून, आणि मग शोधाशोध होईल. जिन्यावरून उडी कुठून मारायची ते मी बघून ठेवलं होतं. मॅनेजर चष्मा डोळ्यांवर घेऊन बाहेर आला, कुरियरची यादी नाचवत.

“चार नंबर! एका दिवसात सदतीस वाळलेल्या चिठ्ठ्या उठवल्यास? तेही सगळ्या सामानासकट?”

साखऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. मला दिसलं, तो विचार करतोय. क्षणभर त्याच्या जिभेवर खरं आलं होतं. पण त्या जिभेला सवय नव्हती.

“मेहनत आहे सर,” तो म्हणाला. “एकेका गिऱ्हाईकाच्या मागे लागावं लागतं. घरच्यासारखं.”

मॅनेजरने टाळ्या वाजवल्या. आम्हालाही वाजवायला लावल्या. मी सगळ्यांत जोरात वाजवल्या. साखऱ्याने उभं राहून मान झुकवली, गोळी तोंडात टाकली, आणि आपण हे केव्हा केलं असेल ते आठवायचा प्रयत्न करत बसला. आता कोणाच्या बापाला सांगणार होता, की ते मी नव्हतो?

काल, शुक्रवारी, सकाळीच ताईकडे खोकं आलं. मी कामावर जायच्या आधीच. तिने ते चारही बाजूंनी बघितलं, कानाशी हलवलं, मग उघडलं. बॅटरी. चार्जर. पट्टा. पिशवी. ती स्टुलावर बसली आणि माझ्याकडे बघत राहिली.

“कोणाला मारलंस?”

“कोणालाच नाही.”

“खरं सांग. रक्त कुठे लागलंय का?” तिने माझे हात ओढून उलटे केले. नखाच्या कडेला अजून हिरवं होतं. “हे काय?”

मी सगळं सांगितलं. सांगताना वाटलं की ती ओरडणार. ती ऐकत ऐकत बॅटरी कॅमेऱ्यात घालत होती. मग म्हणाली, “बस तिथे. मान सरळ.” पडद्यासमोर बसवून तिने माझाच फोटो काढला. पहिला. कॅमेऱ्यात बघून म्हणाली, “डोळे बघ कसे आलेत. चोरासारखे.”

“कॅमेरा चांगलाय म्हणून.”

तेव्हा ती हसली. आठवड्यात पहिल्यांदा. मग एकदम गंभीर. “पुरे झालं. कॅमेरा मिळाला, सोमवारचं काम होईल. आता तिकडे पाऊल टाकायचं नाही. त्या माणसाची नोकरी जाईल.”

“जाऊ दे.”

“त्याला कोणी बहीण असेल.”

“म्हणूनच तर,” मी म्हटलं. “त्याला विचारायचंय, तिला पण ‘वाळू दे’ म्हणतोस का.”

तिने कॅमेरा पिशवीत ठेवून चेन लावली. काल मी कामावर गेलो नाही, पोट दुखतंय म्हणून कळवलं. दिवसभर दिव्याची छत्री पुसून दिली, पडद्याला इस्त्री केली. ताईला वाटलं, निवळला.

पण आज शनिवार. शनिवारी अकराला मॅनेजर आठवड्याच्या चिठ्ठ्या आणि जमा झालेले पैसे समोरासमोर मांडतो. सदतीस बॅटऱ्यांचे, नाही, अडतीस बॅटऱ्यांचे पैसे कुठे आहेत हे तो चार नंबरला सगळ्यांसमोर विचारणार. चार नंबर म्हणणार, ते मी केलंच नाही. आणि मॅनेजर म्हणणार, मग परवा टाळ्या कोणासाठी वाजवल्या?

हे मला तिथे बसून बघायचंय. त्याचा आवाज गोड असताना ऐकलाय, आता कोरडा पडताना ऐकायचाय. आणि बरोबर अकरा दहाला, घंटा गुदमरून टक् झाली की, उठून त्याच्यासमोर उभं राहायचं आणि त्याची गोळी त्याच्या टेबलावर परत ठेवायची. त्याला अजून माहीतच नाही हे कोणी केलं. ते कळलं नाही तर मग कसला बदला? एवढंच बोलायचंय. ती फोटोवाली आठवते? मी तिचा भाऊ. भावासारखा नाही, भाऊ.

ताई आत गिऱ्हाईकाचा भांग पाडतेय. आज सरळ पडतोय. तुमचा नंबर यायला वेळ आहे, तिने विचारलं तर सांगा दूध आणायला गेलाय. दहा पस्तीस झाले, सायकलमध्ये हवा कमी आहे, मला आता निघायला हवं.