उजवा कान

मास्तरांचा स्वभाव म्हणजे सुंभ जळला तरी पीळ कायम. चर्चच्या गायनमंडळाला त्यांनी उभी हयात शिकवलं. एखादी बेसूर प्रार्थना देव एक वेळ चालवून घेईल, मास्तर नाही, असं गाणारेच म्हणत.

या सुरापायी त्यांनी पोटच्या लेकीला मारलं होतं. ती नऊ वर्षांची होती. तालमीत एकच जागा पुन्हा पुन्हा चुकत होती आणि चारचौघांत मास्तरांचं नाक कापलं जात होतं. उजव्या हाताची सणसणीत चपराक तिच्या डाव्या कानावर बसली. डॉक्टरांनी पुष्कळ खटपट केली, पण तो कान गेला तो गेलाच. लेक पुन्हा कधी गायली नाही.

मास्तरांनी फादरांपुढे पाप कबूल केलं, क्षमा मिळाली. पुढे मोठी झाल्यावर एका रविवारी लेकच आपणहून म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला माफ केलंय. मनात काही ठेवलेलं नाही." मास्तर घरी येऊन ढसाढसा रडले. त्यांना वाटलं, संपलं सगळं.

आता लेकीचं कपडे धुण्या-इस्त्रीचं दुकान होतं, नवरा बोटीवर कामाला, आणि मास्तरांची पाच वर्षांची नात टिचकी शाळा सुटली की दुकानातच असायची. पोरीचा गळा असा, की ऐकताना मास्तरांचा जीव कासावीस व्हायचा. ही तरी आपल्या हातून गायला शिकावी, एवढंच आता त्यांना हवं होतं. एक दिवस ते दुकानात गेले, सवयीने लेकीच्या उजव्या बाजूला उभे राहिले आणि म्हणाले, "दुपारी टिचकीला माझ्याकडे सोडत जा. गाणं शिकवतो."

"नको, बाबा."

"अजून राग आहे?"

"नाही हो."

"मग माफ केलं म्हणालीस, ते काय तोंडदेखलं?"

लेकीने इस्त्री उभी करून ठेवली. "तुम्ही आजारी होतात तेव्हा उशाशी कोण बसलं होतं? माफ केलंय, खरंच केलंय. माझा कान होता, मी माफ केलं. तिचा कान माझा नाही, बाबा."

मास्तर तणतणत फादरांकडे गेले. "मला क्षमा मिळाली ना?"

"मिळाली."

"मग हे काय चाललंय?"

"क्षमा तुम्हाला मिळाली, मास्तर," फादर हळूच म्हणाले. "कान तिला परत मिळाला का?"

काही दिवस मास्तर दुकानाकडे फिरकले नाहीत. मग सगळा ताठा गिळून पुन्हा दुकानात गेले. "इथेच शिकवू का? तुझ्यासमोर?"

लेकीने स्टूल पुढे सरकवलं.

धुलाईची यंत्रं घरघरत होती. मास्तरांनी एक सोपी ओळ गाऊन दाखवली. समोर उभ्या टिचकीने कपाळाला आठी घातली, मान डावीकडे वळवली आणि उजवा कान पुढे केला. मास्तर दचकून पुढे वाकले.

"कान दुखतो का गं?"

"नाही."

"मग मान का वळवलीस?"

आजोबांच्या अडाणीपणाचं टिचकीला हसू आलं. "अहो आजोबा, नीट ऐकायचं असलं की असंच करतात! आई नाही का करत?"

इस्त्री थांबली. मास्तरांना लेकीकडे बघवेना. या पोरीला त्यांनी बोटसुद्धा लावलं नव्हतं. 'मान सरळ ठेव,' असं जन्मभर सगळ्यांना दरडावणारी त्यांची जीभ आज उचलेना.

ते उठले, स्टूल उचलून टिचकीच्या उजव्या बाजूला आले आणि तीच ओळ पुन्हा धरली. अर्ध्यावरच आवाज फाटला. टिचकी कान तसाच पुढे धरून वाट पाहत उभी राहिली.