मी क्लोज, शेवटून पहिली

मी एक जुनी आज्ञा आहे, मित्रांनो. बेसिक नावाच्या संगणकाच्या भाषेत आमचं कुटुंब राहतं. ओपन फाइल उघडतो, इनपुट तिच्यातलं वाचतो, प्रिंट तिच्यात लिहितो आणि मी, क्लोज, ती मिटते. प्रिंट मोठा आळशी! लिहिलेलं ओंजळीत धरून बसतो. मी आले की मगच ते फ्लॉपीवर उतरतं. तरी कौतुक सगळं त्या तिघांचं!

सत्त्याऐंशी साली मी रत्नागिरीत आले, विमलाच्या संगणक वर्गात. एकच संगणक, आणि त्याचा थाट असा की चपला बाहेर काढून आत यायचं.

एके दुपारी विमलाची आत्या, गोदूबाई, पिशवी घेऊन आली. संध्याकाळच्या गाडीने ती घशाच्या ऑपरेशनसाठी मुंबईला निघाली होती. आवाज राहील की नाही, डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. वैशाखात तिच्या लेकीचं, सगुणाचं लग्न. लग्नाआधी बायका मुसळं धरून घाणा भरतात, तेव्हाची गाणी वाडीत फक्त आत्यालाच येत. टेपरेकॉर्डर पाहिला की ती लाजून गप्प व्हायची. म्हणून ती सांगत गेली, विमला टाइप करत गेली.

"झालं गो आत्ये. आता क्लोज देते, म्हणजे बंद."

"अगो बाय! लग्नाची गाणी नि बंद? शुभकार्यात असं बोलतात काय? राहू दे उघडी!"

विमला हसली आणि मला टाइप न करताच चहा आणायला उठली. मी कळवळले, पण आज्ञेला तोंड कुठे? तेवढ्यात वीज गेली.

वीज आली तेव्हा फाइल कोरी होती. विमला रडायलाच लागली.

"रडतेस काय? गळा आहे ना अजून? घे परत!" आत्या म्हणाली आणि गाडीची वेळ होत आली तरी पहिल्यापासून गायली. "आता मिटायची असेल तर बंद नको म्हणू. दुकान मिटताना म्हणतात तसं वाढवते म्हण, नि काय ते कर."

"वाढवते गो," म्हणत विमलाने मला टाइप केलं. काय सांगू, जन्माचं सार्थक झालं!

पुढे आत्याचा आवाज कुजबुजण्यापुरताच उरला. पण वैशाखात विमलाने छापलेल्या कागदावरून ओळी वाचल्या आणि बायकांनी त्या उचलल्या. एका ठिकाणी चाल चुकली, तेव्हा आत्याने विमलाला चिमटा काढला म्हणे!

मित्रांनो, उघडलेलं काम वेळीच मिटत जा. परत गायला दर वेळी कुणी असेलच असं नाही.